अक्कांचं कटिंग मशीन : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

माझं लग्नपत्रिकांच्या डीटीपीचं दुकान आहे. पंचवीस वर्षं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसमोर मान मोडून घेतली, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला काही छापायचं-कापायचं असलं की आधी माझ्याकडे विचारणा होते. हे प्रकरण तसंच माझ्याकडे आलं. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितोय. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आपण त्यांना अक्का म्हणू. पूर्व भागात मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात, आणि त्या मला अण्णा म्हणतात.

अक्का अशोक चौकाच्या बाजूला राहतात. घरची भाषा तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, रागावल्या की दोन्ही एकदम. यजमान टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. थोरली लेक पॉलिटेक्निकला. अक्कांचा हात कात्रीवर पहिल्यापासून बसलेला. आधी नात्यातल्या लग्नांची रुखवतं सजवली. मग बारशाच्या पाळण्यामागची नावं आली, डोहाळजेवणाचे फलक आले, संक्रांतीच्या वाणाला लावायच्या चिठ्ठ्या आल्या. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखराला पुठ्ठा, जाड कागद मागणारे वाढले. तेही काम हळूहळू अक्कांच्या दारात यायला लागलं.

सगळं हाताने. कात्री, पेपर कटर, स्टीलची पट्टी आणि खाली जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा.

अडचण

२०२२ च्या दिवाळीनंतर अक्का दुकानात आल्या त्या उजव्या अंगठ्याला क्रेप बँडेज बांधून. केकवर खोचायचं एक नाव, म्हणजे टॉपर, कापायला त्यांना पाऊण ते एक तास लागत होता. 'श्री' किंवा 'ज्ञ' असलेलं नाव आलं की त्याहून जास्त. एकाच नावाच्या दहा चिठ्ठ्या मागितल्या तर दहाही वेगळ्या दिसायच्या. त्या आठवड्यात त्यांनी दोन कामं परत पाठवली होती आणि पाठवलेल्या कामाचं दुःख अंगठ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त होतं.

मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "अण्णा, हे बघा की. मशीन आपोआप कापतंय. घेऊ का?"

व्हिडिओत एका परदेशी बाईच्या टेबलावर पांढरं शुभ्र मशीन, गुलाबी कागद आणि मागे बासरी. कागद आत जातो, फूल बाहेर येतं. व्हिडिओत न दिसणारं बरंच काही होतं. ते मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

मशीन काय करतं, थोडक्यात

घरगुती कटिंग मशीन दिसायला प्रिंटरसारखं असतं. शाईच्या जागी बारीक पातं. कागद चिकट मॅटवर लावायचा, मॅट रोलर पुढे-मागे नेतात आणि पातं डावी-उजवीकडे फिरतं. पातं स्वतःभोवती मोकळं फिरू शकतं, त्यामुळे रेषा वळली की तेही वळतं. किती जोराने दाबायचं, पातं किती बाहेर काढायचं आणि किती वेगाने चालवायचं हे तीन आकडे जुळले की काम स्वच्छ होतं. स्टिकर असेल तर वरचा थर तेवढा कापायचा आणि खालचा कागद शाबूत ठेवायचा. मग नको असलेला भाग चिमट्याने उचलून काढायचा. इंग्रजीत याला वीडिंग म्हणतात. अक्का म्हणतात निवडणं, तांदूळ निवडतात तसं. मलाही तोच शब्द बरा वाटतो, कारण वेळही तेवढाच जातो.

समोर असलेले पर्याय

माझा पहिला सल्ला होता रेडियमवाल्यांकडे असतो तसा दोन फुटी प्लॉटर घ्यायचा. गाड्यांवर, रिक्षाच्या काचेवर जे 'रेडियम' चिकटवतात ते त्यावरच कापलं जातं. मशीन ठणठणीत, कोरलमधून सरळ काम जातं, आणि सोलापुरात त्याची दुरुस्ती करणारे आहेत. हा सल्ला मी माझ्या सवयीतून दिला, अक्कांच्या कामातून नाही. प्लॉटरचं खरं काम म्हणजे पातळ व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक. ३०० जीएसएमचा जाड कागद आरपार कापायचा तर खाली चिकट मॅट लागते. ती नसेल तर पातं थेट खालच्या पट्टीवर घासतं आणि सुटलेले तुकडे रोलरमध्ये अडकतात. शिवाय ते धूड त्यांच्या दोन खोल्यांत ठेवायचं कुठे?

लेझरने कापणाऱ्या मशीनचा विचार एका संध्याकाळी संपला. बाजारात मिळणारे लाकडी टॉपर लेझरवरचेच असतात, दिसतातही छान. पण व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनलाही गंज. लहान मुलं येत-जात असलेल्या घरात ते नको.

हाताने दांडा फिरवून चालणारी सिझिक्ससारखी डाय-कटिंग यंत्रंही पाहिली. वीज लागत नाही, आवाज नाही. पण त्यात साचा ठरलेला असतो. फूल, चौकट, फुलपाखरू निघेल, 'चि. आराध्या' निघणार नाही. अक्कांचं निम्मं काम नावांचंच.

उरली तीन. त्यांच्यात खरी ओढाताण झाली.

क्रिकट. व्हिडिओतली बाई हेच वापरत होती. त्यातल्या एक्सप्लोअर आणि मेकर या दोन मालिका आम्ही पाहिल्या. एक्सप्लोअरचा दाब साधारण ४०० ग्रॅम, मेकरचा ४ किलोपर्यंत, म्हणून मेकरवर कापड आणि पातळ लाकूडही कापता येतं. शिकायला सगळ्यात सोपं, एसव्हीजी फाइल (रेषांच्या रूपातलं डिझाइन) फुकटात चढते. पण बहुतेक कामाला कंपनीच्या सॉफ्टवेअरवर खातं उघडावं लागतं आणि इंटरनेट लागतं. मार्च २०२१ मध्ये या कंपनीने जाहीर केलं होतं की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला २० डिझाइनच चढवता येतील. वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर निर्णय मागे घेतला. घेतला खरा, पण मशीन आपल्या घरात असलं तरी त्याची चावी दुसऱ्याकडे राहू शकते हे मला त्यावरून कळलं.

सिलुएट कॅमिओ ४. बारा इंची, दाब ५ किलोपर्यंत. सॉफ्टवेअर संगणकात उतरवलं की इंटरनेटशिवाय चालतं. तेव्हा फुकटच्या आवृत्तीत एसव्हीजी उघडत नव्हती. त्यासाठी डिझायनर आवृत्ती विकत घ्यावी लागायची, पन्नास डॉलरच्या आसपास, एकदाच. व्हिनाइलचा रोल मॅटशिवाय सरळ आत घालता येतो.

ब्रदर स्कॅन-एन-कट. याच्या पोटात स्कॅनर आहे आणि अंगावर पडदा. संगणक नसला तरी चालतं. हाताने चित्र काढा, आत घाला, ते त्याच्या कडेने कापून देतं. तिघांत सगळ्यात महाग.

पहिला निर्णय : वही

अक्कांना क्रिकट हवं होतं, मला प्लॉटर द्यायचा होता, लेकीचं मत रोज बदलत होतं. यजमान आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एकदा कारखान्यातून थेट दुकानात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "अण्णा, माग घेताना आधी विचारतात काय विणायचंय. टॉवेल का चादर? तुम्ही दोघं मशीनचंच बोलालाव."

अक्कांकडे ऑर्डरींची वही होती. आम्ही तिघांनी बसून मागच्या तीन महिन्यांची पानं वाचली. एकूण ६१ कामं. केक टॉपर २२, बारसं आणि डोहाळजेवणाची नावं १४, आहेराची पाकिटं आणि छोटे डबे ११, नात्यातल्या एका बाईंच्या शेंगा चटणीच्या पाकिटांवरची लेबलं ९ वेळा, आणि टी-शर्टवरची नावं ५.

ही यादी कागदावर आली आणि माझा प्लॉटर गळाला. २२ आणि ११ म्हणजे निम्म्याहून जास्त काम जाड कागदाचं होतं. मेकरवर कापड कापता येतं या गोष्टीचं जे कौतुक चाललं होतं तेही थांबलं, कारण ६१ मध्ये कापड कापायचं एकही काम नव्हतं. टी-शर्टच्या पाच कामांचा मोह मात्र लेकीला सुटेना. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा एवढा मोठा धंदा, त्यांच्या खिशावरचे लोगो आपण का करू नयेत? मी समजावलं की शेकड्याने लागणारे लोगो भरतकामात नाहीतर छपाईत होतात. उष्णतेने चिकटवायचं व्हिनाइल एकेक निवडत बसलो तर गणवेशवाला दुसऱ्या दिवशी फोन उचलणार नाही. पाच-दहा शर्ट, प्रत्येकावर वेगळं नाव, तिथे आपली जागा.

वहीत एक गोष्ट नव्हती, तिचा पश्चात्ताप पुढे झाला. परत पाठवलेली कामं अक्का लिहीत नव्हत्या.

दुसरा निर्णय : पुण्याची फेरी

सोलापुरात ही मशीनं हात लावून बघायला मिळेनात. म्हणून अक्का आणि लेक सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेल्या, संध्याकाळच्या त्याच गाडीने परत. डब्यात कडक भाकरी आणि चटणी, पिशवीत आपला कागद. आपला कागद न्यायची कल्पना यजमानांची. दुकानदार दाखवतो तेव्हा त्याच्याकडचा उत्तम कागद घालतो. आपल्याला सोलापुरातल्या नव्या पेठेत मिळणारा ग्लिटर पेपर आणि फोम शीट त्यात कसे कापले जातात ते बघायचं होतं.

हा प्रयोग फार उपयोगी पडला. एक्सप्लोअरवर आपला ग्लिटर पेपर दोन फेऱ्यांनंतरही काही जागी अडकून राहिला. कॅमिओवर दाब वाढवून निघाला. स्कॅन-एन-कटवर अक्कांनी स्वतः काढलेला मोर घातला आणि तो जसाच्या तसा कापून बाहेर आला. लेक सांगते, आई दोन मिनिटं बोललीच नाही. परतीच्या गाडीत अक्कांचं मन तिथेच होतं. मला रात्री फोन करून म्हणाल्या, "ते आपला हात ओळखतंय ओ अण्णा."

इथे मी गप्प बसलो, आणि ते बरोबर होतं का हे मला अजून ठरवता येत नाही. स्कॅन-एन-कट अक्कांच्या हाताला शोभणारं मशीन होतं. पण त्याची किंमत त्यांच्या हिशेबाबाहेर जात होती. भिशीचे २५ हजार आणि घरातले १५, एवढीच झेप. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं हे मी सांगितलं होतं. यजमान नको म्हणाले. कारखान्यात पाळ्या कमी झाल्या तर हप्ता कोण भरणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आणि लेकीने एक साधी गोष्ट दाखवून दिली. हाताने काढलेल्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढून इतर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येही त्याच्या कडा उचलता येतात. मोरासारखी जादू नाही, थोडी सफाई करावी लागते, पण होतं.

कॅमिओ आणि एक्सप्लोअर यांच्यात शेवटी दोन गोष्टींनी पारडं फिरवलं. पहिली, घरातलं इंटरनेट म्हणजे लेकीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. ती कॉलेजला गेली की घर कोरडं. दुसरी, रेडियमच्या दुकानात फुटावर मिळणारं साधं व्हिनाइल. क्रिकटच्या नव्या मशीनवर मॅटशिवाय कापायचं तर कंपनीचंच 'स्मार्ट' साहित्य लागतं, साधं व्हिनाइल मॅटवर लावावं लागतं. कॅमिओत साधा रोल बारा इंची पट्टा करून घातला की चालतो.

तिसरा निर्णय : सहा हजार कमी

कॅमिओ ठरल्यावर एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर सहा हजारांनी कमी भाव दिला. पक्कं बिल नाही, 'वॉरंटी आम्ही बघून घेऊ'. अक्कांचा जीव वरखाली. सहा हजार म्हणजे दोन महिन्यांचा कागद. यजमानांनी एकच विचारलं : "पातं तुटलं तर कुणाकडे जायचं?" उत्तर आलं नाही म्हणून पुण्याच्या दुकानातून जीएसटी बिलासह ३३,५०० ला मशीन आलं. मला वाटतं संपूर्ण प्रकरणात सगळ्यात नीट घेतलेला निर्णय हाच.

त्याच खरेदीत एक चूकही घुसली. दुकानदाराने 'स्टार्टर सेट' गळ्यात मारला : रंगीत पेनं, चमकणारी फॉइल, बारा रंगांचं नमुना व्हिनाइल. ४,२०० रुपये. पेनं अजून सीलबंद आहेत.

मशीन आल्यावर

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा भरलेली असताना मशीन घरी आलं. आख्ख्या गल्लीने पाहून घेतलं. कागदाचं पहिलं फूल अक्कांनी देवासमोर ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला.

पहिला त्रास मराठीचा. इंग्रजी शिकवण्यांत देवनागरीबद्दल अवाक्षर नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते. छापताना ते दिसत नाही, काळ्यावर काळं. पण मशीन शाई बघत नाही, कडा बघतं. प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं. 'स्वागतम्' कापलं तर शिरोरेषेवर ठिकठिकाणी चिरा आणि शब्द उचलला की अक्षरं गळून खाली. उपाय सोपा आहे : अक्षरांच्या बाह्यरेषा करून त्या सगळ्या एकमेकींत जोडून टाकायच्या. कोरलमध्ये याला वेल्ड म्हणतात, फुकटच्या इंकस्केपमध्ये युनियन. उपाय कळायला आम्हाला आठ दिवस आणि बरेच कागद लागले.

दुसरा त्रास अनुस्वाराचा, आणि तो गिऱ्हाइकापुढे झाला. एका सेवानिवृत्तीच्या समारंभाला सोनेरी ग्लिटरमधला 'हार्दिक अभिनंदन' टॉपर. वेल्ड वगैरे सगळं केलेलं. मशीनने सुंदर कापलं. मॅटवरून उचलला, डब्यात ठेवला, गेला. संध्याकाळी केकसोबतचा फोटो आला तर त्यावर 'अभिनदन'. अनुस्वार हवेत असतो, कशाला चिकटलेला नसतो. तो मॅटवरच राहून गेला होता. अक्का दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, मुठीतून एक सोनेरी ठिपका माझ्या काउंटरवर ठेवला : "टपकं राहिलं की ओ अण्णा." साहेब समंजस होते, हसले, पण अक्कांनी पैसे परत केले.

तेव्हापासून नियम झाला. टॉपरमध्ये अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग जे काही सुटं असेल ते खाली ओढून शिरोरेषेला किंवा अक्षराला टेकवायचं, मग वेल्ड. व्हिनाइलला याची गरज नाही, कारण तिथे ट्रान्स्फर टेपवर, म्हणजे वरून लावायच्या चिकट पट्टीवर, सगळं जागच्या जागी उचललं जातं. फॉन्टही त्यावरून ठरले. बारीक, कलमी वळणाचे फॉन्ट जाड कागदात मोडतात. मोफत मिळणारा बलू जाड आणि गोलसर, कापायला उत्तम. मोदक नावाचा त्याहून गुबगुबीत फॉन्ट मुलांच्या वाढदिवसाला गोड दिसतो, पण अक्षरांच्या पोटातल्या फटी इतक्या अरुंद की लहान आकारात निवडताना डोळे जातात. माझ्या दुकानातले जुने श्रीलिपीचे फॉन्टही कामाला आले. फक्त ते कोरलमधून डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये करून पाठवले की वळणं तुकड्यातुकड्यांत तुटायची. शेवटी डिझायनर आवृत्ती घेतली आणि एसव्हीजीने तो प्रश्न मिटला. पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

तिसरा त्रास पूर्व भागाचा स्वतःचा. खालच्या शेडमध्ये माग, हवेत सतत कापसाचे तंतू. चिकट मॅट उघडी राहिली की दोन तासांत तिच्यावर पांढरी लव. चिकटपणा गेला की कागद सरकतो आणि नाव तिरकं होतं. त्यात मार्चनंतर पारा चाळिशीपार गेला की मॅटचा गोंद मऊ पडून कागदाच्या पाठीला लागून येतो. अक्कांनी मॅटवरचं प्लास्टिक झाकण प्रत्येक कामानंतर परत लावायची सवय केली, मॅट ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायची, आणि एप्रिल-मे मध्ये जाड कामं सकाळी आठच्या आत उरकायची. हे कुठल्याही माहितीपुस्तकात मिळालं नाही.

चटणीच्या लेबलांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. लेबलं आधी प्रिंटरवर छापायची, कोपऱ्यांत काळ्या खुणा असतात, मशीनचा डोळा त्या खुणा शोधतो आणि त्या धरून कडेने कापतो. पहिल्या खेपेला इंकजेटवर छापली. शेंगा चटणीचं तेल पाकिटाबाहेर पाझरतंच, शाई पसरली. मग छापून वर चकचकीत लॅमिनेशन केलं, तर मशीनला खुणा सापडेनात. चकाकीने त्याचा डोळा दिपतो. लेकीने शोधून काढलं की खुणांवर न चमकणारी पारदर्शक चिकटपट्टी लावली की चकाकी मरते. लागू पडलं. आता अक्का माझ्याकडून लेझर प्रिंट काढून नेतात.

टी-शर्टच्या कामात एकदा सहा नावं सरळ कापली गेली. उष्णतेचं व्हिनाइल उलटं, आरशातल्यासारखं कापायचं असतं. सहाही वाया. याहून जास्त त्यात काही नाही.

परिणाम

वर्षभराचा हिशेब अक्कांनी वहीत मांडला तो असा. एकूण गुंतवणूक मशीन, सेट, जादा मॅट-पाती आणि सॉफ्टवेअर धरून ४४ हजारांच्या घरात. ठरवलेल्या ४० च्या वर. आम्ही सहा महिन्यांत पैसे निघतील असं म्हटलं होतं, लागले अकरा. पहिल्या दोन महिन्यांत वाया गेलेला कागद आणि परत केलेले पैसे आम्ही धरलेच नव्हते. एक टॉपर आता पंधरा मिनिटांत होतो, त्यातली चारच मशीनची. बाकी डिझाइन आणि निवडणं.

माझी अपेक्षा होती की मशीनमुळे कामं वाढतील. वाढली, पण दुप्पट वगैरे नाही. वाढली ती एकसारख्या वस्तूंची मागणी : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास चिठ्ठ्या, आहेराची शंभर पाकिटं. हाताने अक्का ते घेतच नव्हत्या. टॉपरचा भाव मात्र उतरला. शेजारच्या पेठेत आणखी दोघींनी मशीनं घेतली आणि त्यांनी भाव पाडला. अक्कांनी तिथे भांडण टाळलं आणि रुखवताकडे वळल्या, जिथे मशीन फक्त तुकडे कापतं आणि मांडणी हाताचीच लागते.

अंगठा बरा आहे. चिमट्यामुळे आता तर्जनी दुखते.

वेगळं काय करता आलं असतं

सॉफ्टवेअर आधी शिकायला हवं होतं. इंकस्केप फुकट आहे, मशीन नसताना महिनाभर त्यावर नावं जोडून बघता आली असती आणि शिरोरेषेचे आठ दिवस वाचले असते. ही चूक माझी. मी रोज वेल्ड करणारा माणूस, आणि ते सांगायचं मला सुचलं नाही.

रेडियमवाल्याकडून दोन-तीन महिने कापून घेतलं असतं तर कुठल्या कामाला खरी मागणी आहे ते भाड्याच्या मशीनवर कळलं असतं. मी हे तेव्हा सुचवलं होतं, पण नाक मुरडत, कारण त्या दुकानात बायका जाऊन उभ्या राहत नाहीत असा माझा समज. अक्का नंतर स्वतः गेल्या. मालक आदबीने वागला. आता मोठी नावं त्याच्याकडे जातात आणि कागदाची बारीक कामं तो अक्कांकडे पाठवतो.

स्कॅन-एन-कटबद्दल आमच्यात आजही एकमत नाही. लेक म्हणते, घेतलं असतं तर आईने स्वतःची चित्रं विकली असती, नावं नाही. यजमान म्हणतात, हप्त्यांत अडकून बसलो असतो. मी दोघांचं ऐकून घेतो.

बारा इंची रुंदीचा प्रश्न आम्ही फार हलक्यात घेतला. पाळण्यामागचं नाव दोन-अडीच फुटी लागतं आणि सनबोर्ड, म्हणजे फोमचा कडक बोर्ड, तर हे मशीन कापतच नाही. नावं तुकड्यांत कापून जोडली की सांधा दिसतो. वहीतली १४ कामं आम्ही मोजली होती, पण प्रत्येकाची लांबी-रुंदी लिहिलेली नव्हती.

आता अक्कांनी वहीच्या उजव्या कडेला लाल पेनाने नवा रकाना आखलाय : 'नाही म्हटलेली कामं', आणि त्यापुढे इंच. बारा इंचांच्या वरची सात झाली आहेत. वीस झाली की दोन फुटी प्लॉटरचं बोलायचं, असं यजमानांशी ठरलंय. परवा दुकानात आल्या तेव्हा रकाना दाखवून म्हणाल्या, "अण्णा, तुमचा प्लॉटर अजून रांगेत हाय बरं का."